मंगळवारचा पांढरा पाव

एस्टेल रविवारी गेली, आणि सोमवारी सकाळी सहाला मायरन झेलिंगर नेहमीसारखा आपल्या दुकानात जाऊन उभा राहिला. कुलूप काढलं, दिवे लावले, एप्रन बांधला. का आलास असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. चौतीस वर्षं त्याचे पाय रोज पहाटे टेलर रोडकडे वळत होते, तसे त्या दिवशीही वळले. घरात काय झालंय ते पायांना कुणी कळवलं नव्हतं.

उभं राहिल्यावर काहीतरी करायला हवं, म्हणून त्याने सुतकाचं ताट लावायला घेतलं. क्लीव्हलंडच्या त्या चढावरच्या ज्यू वस्तीत कुणाच्याही घरी माणूस गेलं, की दफनानंतरचा कडू घास झेलिंगरच्या दुकानातून जायचा. उकडलेली अंडी, गोल पाव, खारवलेला मासा, काकडीचं आंबट लोणचं, आणि मधोमध कॉर्न्ड बीफ. म्हणजे छातीचं मांस दहा दिवस मिठाच्या पाण्यात मुरवायचं, चार तास मंद आचेवर शिजवायचं, आणि गरम असतानाच सुरीने कापायचं. ऑर्डर द्यायला फोन करणाऱ्या प्रत्येकाला मायरन एकच प्रश्न विचारी, "म्हातारी माणसं किती?" कारण म्हाताऱ्या दातांसाठी तो पातळ कापायचा. सोमवारी हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला. बरीच आहेत, असं उत्तर आलं, आणि तो पातळ कापायला लागला.

हात थरथरतील असं त्याला वाटलं होतं. थरथरले नाहीत. काप एकासारखा एक पडत गेला. बायको जाऊन पुरता एक दिवस झाला नाही आणि आपला हात इतका सरळ कसा चालतो, याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण वाईटसुद्धा वाटेना.

मंगळवारी सकाळी दफन झालं. मार्च महिना, बर्फ कडेकडेला काळं पडून राहिलेलं, जमीन अजून कडक. रिवाजाप्रमाणे मायरनच्या कोटाची कॉलर फाडली, त्याने फावडं उलटं धरून माती लोटली, म्हणायचं ते सगळं म्हटलं, कुठे अडखळला नाही. पेटी खाली जात असताना त्याचं लक्ष दोरीच्या गाठीकडे होतं. गाठ सैल बांधली होती. परत येताना गाडीत त्याच्या थोरल्या बहिणीने, बेलाने, त्याचा हात धरला. बेला सत्तरीची, बुटकी, आणि जिभेने तिखट. तिने स्वतःचे दोन नवरे पुरले होते, त्यामुळे या कामात तिचा शब्द शेवटचा.

"मायरन, रड रे एकदा," ती म्हणाली.

"येत नाहीये."

"येत नाही म्हणजे काय? बस आहे का ती? छत्तीस वर्षं संसार केलास तिच्याशी."

"माहीत आहे गं."

"मग?"

"मग काही नाही. आत कुणी दिवे घालवून गेलंय असं वाटतं. आपणच गेलोय, दिवे घालवून." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघू लागला. त्याला त्याचं दुःख नव्हतं, भीती होती. हे असंच राहिलं तर? एस्टेलसाठी एक आसूही गाळता आला नाही आणि आपण तसेच दुकान उघडत, बंद करत म्हातारे झालो तर? मूलबाळ नव्हतं. तिच्यासाठी रडायला जगात तो एकटाच होता, आणि त्यालाच ते जमत नव्हतं.

घराच्या पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. सगळ्यांनी हात धुतले. आत आरसे चादरींनी झाकलेले, सात दिवस जळणारी मेणबत्ती लावलेली, मायरनसाठी एक बुटकं स्टूल. तो बसला. बेलाने टेबलावरचं ताट पुढे ओढलं आणि त्याने अंडं उचललं, तेवढ्यात बेलाने त्याच्या मनगटावर चापटी मारली.

"ठेव! हे ताट कुठलंय?"

मायरनने ताटाकडे पाहिलं. कडेची हिरवी पानं थोडी मलूल झाली होती. "आपलंच. दुकानातलं."

"लावलं कुणी?"

"मी."

"अरे देवा! कडू घास आपल्या घरचा चालतो का? तो दुसऱ्याने आणून भरवायचा असतो. अख्ख्या वस्तीला तू भरवलास आणि तुलाच ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी लावतोय." तो हे इतक्या साधेपणाने म्हणाला की बेलाला पुढे रागावता येईना.

तिने मोर्चा पाहुण्यांकडे वळवला. घरात पंचवीसेक माणसं होती आणि सगळी काही ना काही घेऊन आली होती. बेलाने एकेक डबा उघडून पाहिला. सात केक निघाले, त्यातले तीन एकाच बेकरीचे. एक फळांची टोपली. सुक्या जर्दाळूंचा खोका. पाव एकानेही आणला नव्हता, अंडं एकानेही आणलं नव्हतं. झेलिंगरच्या घरी खायला काय न्यायचं, या एकाच विचाराने सगळा गाव गोड घेऊन आला होता. त्यात त्यांची चूक तरी काय म्हणायची? तरीही चौतीस वर्षं ज्याने सगळ्यांचं सुतक सांभाळलं, त्याच्या घरात त्या दिवशी त्याने तोंडात घालावा असा घास नव्हता.

"मला भूक नाही," मायरन म्हणाला.

"भुकेचं कुणी विचारलंय तुला? नियम आहे. रविवारपासून पाण्यावर आहेस." बेलाने फोनकडे पाहिलं. सगळ्यांनीच फोनकडे पाहिलं. टेलर रोडवर मायरनचं सोडून चुली असलेलं दुसरं दुकान एकच होतं.

"नॅट नको," मायरन म्हणाला.

"का नको?"

"मी त्याच्या हातचं खात नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे की तुम्ही दोघं बावळट आहात," बेला म्हणाली, आणि नंबर फिरवायला लागली.

नॅट पर्लमटर आणि मायरन यांचं वैर त्या रस्त्यावरच्या लोकांना हवामानासारखं होतं, रोज त्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय चैन पडायची नाही. दोघंही पोरसवदा वयात खालच्या जुन्या वस्तीत ग्लूक नावाच्या म्हाताऱ्याकडे मांस कापायला शिकले. ग्लूक मेला तेव्हा खारवणीचं गुपित त्याने शेवटच्या श्वासाला आपल्यालाच सांगितलं, असा दोघांचाही दावा. मायरन म्हणायचा, अख्खे धणे. नॅट म्हणायचा, तमालपत्र. ग्लूकची विधवा म्हणायची, शेवटच्या श्वासाला त्याने फक्त पाणी मागितलं. पुढे लोक चढावर राहायला आले, तसे हे दोघंही आले आणि त्यांनी एकाच रस्त्यावर तिरकी समोरासमोर दुकानं घातली. मायरन सुरीने कापायचा, नॅटने यंत्र आणलं. लगेच मायरनच्या खिडकीत आडव्या पितळी साखळीवर ही मोठी पाटी लटकली: 'इथे मांस माणूस कापतो.' मायरनच्या डाव्या तर्जनीचं टोक एकसष्ट साली सुरीखाली गेलं, त्याच आठवड्यात नॅटच्या खिडकीत पाटी आली: 'इथल्या माणसाची दहाही बोटं शाबूत आहेत.' मायरन पट्टी बांधलेला हात घेऊन रस्त्यावर उभा राहून ती वाचत होता आणि शेजारी एस्टेल पोट धरून हसत होती. त्याला तेव्हा तिचा फार राग आला होता.

न खाण्याची शपथ त्याच्याही आधीची, सत्तावन सालची. देवळातल्या पुरुष मंडळींनी पैज लावली की डोळे बांधून चाखायला दिलं तर दोघांनाही स्वतःचं ओळखता येणार नाही. दोघंही छाती काढून बसले. एस्टेलने दोन्ही दुकानांतून बश्या आणल्या. मायरनने पहिला घास घेतला, पट्टीआडून म्हणाला, हे माझं, शंका नको. नॅटने दुसरा घेतला, म्हणाला, अरे हे तर झोपेतही ओळखीन, माझंच. पट्ट्या सोडल्या तेव्हा मायरनने नॅटचं वाखाणलं होतं आणि नॅटने मायरनचं. लोक महिनाभर हसले. त्या दिवशी मायरनने जाहीर केलं की पर्लमटरच्या दुकानातला कणही पुन्हा तोंडात घालणार नाही. सत्तावीस वर्षं त्याने ते पाळलं.

एस्टेल या भांडणात कुणाच्या बाजूची होती हे कधी कळलं नाही. ती क्लीव्हलंडची नव्हतीच. तिचं माहेर आयोवातल्या मक्याच्या मुलखातलं, जिथे सगळ्या गावात ज्यू कुटुंबं तीन, आणि मांसाबरोबर खायचा चांगला राय धान्याचा पाव बघायला शंभर मैल जावं लागायचं. दुकानात ती गल्ल्यावर बसायची. मायरनशी तिचं एकच नेहमीचं भांडण होतं, ते त्या पाटीवरून. पाटी बरोबर मधोमध हवी, नॅटला त्याच्या दारातून वाचता यावी, असा मायरनचा हट्ट. एस्टेल ती साखळीवरून वीतभर डावीकडे सरकवायची. उजेड अडतो, म्हणायची. तो पुन्हा मध्ये आणायचा. ती पुन्हा सरकवायची. तीन महिन्यांपूर्वी ती इस्पितळात गेली, तेव्हा त्याने पाटी मधोमध आणून ठेवली, आणि मग ती तिथेच राहिली.

अर्ध्या तासात नॅट आला. सुतकाच्या घराचं दार उघडंच असतं, टकटक करायची नसते, नमस्कार-चमत्कार करायचे नसतात. आणि ज्याच्या घरी माणूस गेलंय तो बोलेपर्यंत आलेल्याने तोंड उघडायचं नसतं. नॅट पर्लमटरला गप्प राहणं म्हणजे शिक्षा. ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढेपर्यंत डॉक्टरला विनोद सांगणारा माणूस तो. पण तो मुकाट्याने आत आला, मोठं ताट टेबलावर ठेवलं, मायरनच्या समोर खुर्ची ओढली आणि टोपी मांडीवर घेऊन बसला.

मायरनही बोलेना. दोघं एकमेकांच्या बुटांकडे बघत बसले. बेलाने ताटावरचा कागद काढला. अंडी होती, गोल पाव होते, मासा होता. मांस नॅटने आणलं नव्हतं. कडू घासात मांस वाढायचं नाही हा जुना नियम मायरन कधीचाच विसरून गेला होता आणि नॅटने पाळला होता. ताटाच्या कडेला, पांढऱ्या कागदात घट्ट गुंडाळलेला, हाताएवढा एक वेगळा पुडा होता. त्यावर मेणाच्या पेन्सिलीने एकच अक्षर, ए.

नॅटची नजर त्या पुड्यावर पडली आणि त्याचा चेहरा उतरला. तो अर्धवट उठला, हात लांब करून त्याने पुडा उचलला आणि कोटाच्या खिशात कोंबू लागला. खिसा लहान पडला.

"काय आहे ते?" मायरनने विचारलं.

आता नॅटला बोलायची मोकळीक होती, आणि त्याला शब्द सापडेना.

"काही नाही," तो म्हणाला. "चुकून आलं."

"नॅट, काय आहे?"

"अरे, आज मंगळवार ना. बेलाचा फोन आला तेव्हा साडेबारा वाजले होते. मी ताट लावत होतो, आणि हाताने... हे करून ठेवलं. मी बघितलंसुद्धा नाही. शपथेवर सांगतो, मायरन, मी केलं नाही, हातानेच केलं."

"कुणासाठी?"

नॅटने पुडा टेबलावर ठेवला आणि टोपीची कड चुरगळत बसला. मायरनने स्वतःच कागद सोडला. आत पांढरा पाव होता. टेलर रोडवर कुठल्याही इज्जतदार दुकानात ज्याला स्पंज म्हणतात, शाळेतल्या पोरांच्या डब्यातला, तो मऊ पांढरा पाव. त्यात कॉर्न्ड बीफ, यंत्राने कापलेलं, कागदासारखं पातळ. आणि मोहरीच्या जागी, कडेकडेपर्यंत नीट लावलेलं, मेयोनीज.

कुणीतरी मागे 'अगं बाई' म्हणालं.

मेयोनीजला धर्माची हरकत नाही. हरकत मायरनची होती. कोलंबसहून आलेल्या एका विक्रेत्याने एकदा त्याच्याकडे कॉर्न्ड बीफवर मेयोनीज मागितलं, तेव्हा मायरनने त्याला टोपीसकट रस्त्यावर काढलं होतं. पुढे वर्षभर तो किस्सा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला जात होता, आणि गल्ल्यावर बसलेली एस्टेल दर वेळी सगळ्यात मोठ्याने हसायची.

"हे एस्टेल खायची?" मायरन म्हणाला.

"दर मंगळवारी."

"मंगळवारी ती केस सेट करायला जायची."

"हो," नॅट म्हणाला. "माझ्याकडे."

"किती दिवस?"

"त्या पैजेच्या बश्या न्यायला आली होती ना, तेव्हा माझा भांडी घासणारा मागे बसून हे खात होता. ही बघत उभी राहिली. म्हणाली, नॅट, माझ्या आईच्या घरी हे असंच असायचं, मला एक दे, आणि मायरनला सांगशील तर जीव घेईन. पुढच्या मंगळवारी परत आली. मग येतच राहिली. गेले तीन महिने आली नाही, पण हाताची सवय सुटत नाही."

मायरनने हिशेब करायचा प्रयत्न केला, तो जमेना. त्याच्या डोक्यात दुसरंच काही आलं. दर मंगळवारी संध्याकाळी तो एस्टेलला म्हणायचा, केस छान दिसतायत गं. लग्नाच्या पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलं होतं, बायको केस करून आली की बोलायचं, म्हणून तो न चुकता बोलायचा. सत्तावीस वर्षं तो न केलेल्या केसांचं कौतुक करत होता, आणि ती दर वेळी थँक्यू म्हणत होती.

"मला सांगायचं तरी," तो म्हणाला.

"सांगून काय झालं असतं? तू पाटी लावली असतीस."

"बायकोसाठी पाटी लावली असती मी?"

नॅटने बेलाकडे पाहिलं, बेलाने छताकडे. मायरनला ते पटलं. पाटी नसती लावली, पण चिडवलं असतं, चारचौघांत, रोज, आणि आयोवाचं नाव काढून. तिच्या आईच्या घरचा घास खायला तिला रस्ता ओलांडून दुसऱ्याच्या दुकानात जावं लागलं, आणि ते त्याच्यामुळे. ही गोष्ट त्याला लख्ख समजली. समजली, पण लागली नाही. बधिर केलेल्या दातावर डॉक्टरने टकटक करावी, तसं आवाज तेवढा ऐकू आला.

"ती काय बोलायची तुझ्याशी?" त्याने विचारलं.

"माझ्याशी? ती मला बोलू तरी द्यायची का? म्हणायची, नॅट, तू तिकडे जा, मला शांतपणे खाऊ दे. शेवटच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी बसायची. अर्धा तास. जाताना बशी स्वतः उचलून ठेवायची."

बेला पुढे आली. "पाव आहे ना तो? पांढरा तर पांढरा. दुसऱ्याच्या हातचा आहे."

"मांस आहे त्यात, बेला," नॅट दबक्या आवाजात म्हणाला. "नियम..."

"नियम मला शिकवू नकोस. आधी अंडं, मग पाव, मग त्यात काय आहे ते मी बघितलं नाही." तिने नॅटच्या ताटातलं अंडं मायरनच्या हातात दिलं. त्याने ते खाल्लं. मग तो एस्टेलचा सँडविच खायला लागला. मऊ होता, थंड होता, दाताला काही लागत नव्हतं. त्याला तो आवडला नाही. पण त्याने पुरता संपवला, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. नॅट जाताना रिवाजाचे सांत्वनाचे शब्द म्हणाला आणि दारातून वळून म्हणाला, "चौतीस वर्षांत तू लावलेलं ताट पहिल्यांदा जवळून बघितलं. कापलंयस मात्र सुंदर."

"माहीत आहे," मायरन म्हणाला.

बाकीचे दिवस लोक येत गेले आणि केक शिळे होत गेले. सोमवारी सुतक सुटलं. बेलाने त्याला हाताला धरून रिवाजाप्रमाणे घराभोवतीच्या गल्लीतून एक चक्कर मारून आणली आणि विचारलं, "आता?"

"आता काही नाही," तो म्हणाला. रडू आलं नव्हतं ते नव्हतंच. बेलाने पुढे विचारलं नाही, पण तिचा हात त्याला जड वाटला.

मंगळवारी त्याने दुकान उघडलं. साडेबाराला त्याने सुरी पुसून खाली ठेवली, एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि वाढणाऱ्या विल्माला म्हणाला, "मी येतो."

"कुठे?" विल्मा वीस वर्षं तिथे होती. जेवणाच्या वेळेला मायरन मांस कापायचा ठोकळा सोडून गेल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

"केस करायला," तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडून गेला.

पर्लमटरच्या दारात घंटी वाजली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा काटा तोंडाशीच थांबला. नॅट यंत्रामागून बाहेर आला. "काय रे, वाट चुकलास की सुरी बोथट झाली?"

"कोपऱ्यातली जागा रिकामी आहे का?"

"मंगळवारी ती रिकामीच असते," नॅट म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला.

मायरन जाऊन बसला. रेक्झिनची लाल बैठक एका ठिकाणी खोल दबलेली होती, तिथेच बसला. नॅटने न विचारता पांढऱ्या पावाचा सँडविच आणून ठेवला आणि तो यंत्राकडे परत गेला. मायरनने खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर त्याचं स्वतःचं दुकान होतं. या बाजूने ते त्याने कधी बसून पाहिलं नव्हतं. रंग उडालाय, लहान दिसतंय, असं वाटलं. ती इथे बसून काय बघायची? बघण्यासारखं काही नव्हतंच. खिडकीच्या मधोमध त्याची पाटी लटकत होती, 'इथे मांस माणूस कापतो', आणि तिच्या मागचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

तो बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. मग त्याने हातातला अर्धा सँडविच बशीत ठेवला आणि उठला.

"आवडला नाही?" नॅट ओरडला. "अरे, पैज लावून सांगतो, आयोवात तुला..."

मायरन कोट न घालताच बाहेर पडला होता. एका गाडीने त्याच्यासाठी जोरात हॉर्न वाजवला. तो आपल्या दुकानात शिरला, विल्माला बाजूला करून खिडकीपाशी गेला, आणि पाटी साखळीवरून डावीकडे ढकलली. एक वीत. ती जिथे घासून थांबली तिथे साखळीवर पितळ उजळ झालेलं होतं, वर्षानुवर्षं एकाच कडीत अडकवल्यामुळे. मग तो तसाच परत रस्ता ओलांडून येऊन बसला.

आता दिसत होतं. पाटी आणि चौकटीमधल्या वीतभर फटीतून बरोबर लाकडी ठोकळा दिसत होता, सुरी दिसत होती, आणि जिथे चौतीस वर्षं तो उभा राहिला ती जागा दिसत होती. त्या खिडकीतून दुसरं काही दिसत नव्हतं, तेवढंच. खिळ्याला त्याचा एप्रन लटकत होता. एप्रनमध्ये कुणी नव्हतं.

केस, उजेड, सगळं खोटं. ती मंगळवारी आईच्या घरचा घास खायची आणि नवऱ्याकडे बघायची. तो तिथे गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत असायचा आणि त्याला कधी कळलं नाही की कुणी बघतंय. आणि शेवटचे तीन महिने, तिला रस्त्यापलीकडे येता येत नव्हतं तेव्हा, त्याने पाटी मधोमध आणून ठेवली होती, आणि आपण जिंकलो असं त्याला वाटलं होतं.

त्याला रडू आलं. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मोठा, ओबडधोबड, लाज नसलेला. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने काटा खाली ठेवला. नॅट जवळ आला, समोर बसला, मग उठून त्याच्याच बाजूला बसला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला. कागदी रुमालांचा सगळा डबा त्याने मायरनपुढे सरकवला. 

शेवटी मायरनने नाक पुसलं, बशी जवळ ओढली आणि उरलेल्या सँडविचचा एक घास घेतला. तो चावत राहिला. चव लागत होती.

"मेयोनीज कमी घातलंयस," तो म्हणाला. "तिलाही एवढंच द्यायचास का, कंजूष?"